माहेरची फौज दारात

आपल्याकडे जपानचा इतिहास म्हटलं की सामुराई, तलवारी, हाराकिरी आणि मग एकदम बुलेट ट्रेन, मधलं सगळं गायब. शोगुनशाही (सम्राट नावापुरता, खरी सत्ता शोगुन नावाच्या सेनाप्रमुखाकडे) कशी बुडाली हे मुद्दाम वाचायला घेतलं तरी पुरुषच पुरुष भेटतात, साइगो ताकामोरी, कात्सु काइशू, शेवटचा शोगुन योशिनोबू, काळी जहाजं घेऊन आलेला अमेरिकेचा पेरी. आणि या सगळ्यांच्या ऐन मधोमध, एदोच्या किल्ल्यात (आज तोक्योत सम्राटाचा राजवाडा आहे ना, तीच जागा) एक विधवा बाई बसलेली आहे जिचं माहेर तोफा घेऊन तिच्या सासरवर चालून येतंय. आत्सुहिमे तिचं नाव, नवरा गेल्यावर तेनशोइन. मला ही बाई जाम आवडते, आणि तिच्याबद्दल लिहिताना जो तो तिची त्यागमूर्ती करून टाकतो ते अजिबात आवडत नाही, म्हणून हा लांबलचक प्रपंच.

जन्म १८३६ चा, कागोशिमाचा. म्हणजे पार दक्षिणेला, क्युशू बेटाच्या टोकाला, समोर साकुराजिमा ज्वालामुखी. संस्थान सात्सुमा, घराणं शिमाझू, पण ही मुख्य घरातली नाही, इमाइझुमी शाखेतली. सात्सुमा म्हणजे बडं प्रस्थ, सगळ्या संस्थानांत कागाच्या खालोखाल यांचं उत्पन्न. पण १६०० सालच्या सेकिगाहाराच्या लढाईत हे लोक तोकुगावांच्या, म्हणजे पुढे शोगुन झालेल्या घराण्याच्या, विरुद्ध बाजूला होते आणि ते तोकुगावा कधी विसरले नाहीत, त्यामुळे अडीचशे वर्षं शिमाझू श्रीमंत खरे पण एदोच्या कारभारात त्यांना कुणी विचारत नव्हतं.

मग शोगुनसाठी मुलगी यांच्याकडून कशी गेली? तर इएसादा, जो पुढे तेरावा शोगुन झाला, त्याच्या आधीच्या दोन बायका क्योतोच्या, म्हणजे सम्राटाच्या, दरबारी सरदारांकडच्या होत्या आणि दोघी लवकर गेल्या, मूल नाही. इएसादाचा आजोबा इएनारी, अकरावा शोगुन, त्याची बायको शिमाझूंकडची होती, आणि त्या आजोबाला पन्नासच्या वर पोरं. आता ती बहुतेक सगळी दुसऱ्या बायकांना झालेली, पण शकुन तो शकुन! म्हणून मागणी आली ती एदोकडून. हे मुद्दाम सांगते कारण बऱ्याच ठिकाणी असं रंगवलेलं असतं की सात्सुमाच्या धूर्त राजानं आपली पोरगी शोगुनच्या महालात पेरली. पेरली नंतर, आधी मागितली होती.

हा राजा म्हणजे शिमाझू नारिआकिरा, भन्नाट माणूस. भट्ट्या, काचकाम, जहाजबांधणी, सगळं कागोशिमात सुरू केलं, १८५७ मध्ये स्वतःचा फोटो काढून घेतला, तोही आपल्याच माणसांकडून. त्याच्याकडे लग्नाच्या वयाची योग्य मुलगी नव्हती. मग इमाइझुमीच्या काकांची मुलगी, म्हणजे नात्यानं याची चुलत बहीण, तिला १८५३ मध्ये दत्तक घेतलं आणि वर कागदोपत्री पोटची मुलगी म्हणून दाखवलं. चुलत बहिणीची मुलगी झाली! लहानपणीचं ओकात्सु नाव जाऊन आत्सुहिमे झालं. पुढे शोगुनची पट्टराणी व्हायचं तर दर्जा आणखी वर पाहिजे म्हणून १८५६ मध्ये क्योतोच्या कोनोए घराण्यात परत एकदा दत्तक. विशीच्या आतबाहेरच्या पोरीचे आई-बाप कागदावर किती वेळा बदलले, पण त्यावर तिला काय वाटलं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

१८५३ च्या जुलैत पेरीची जहाजं उरागाला लागली आणि त्याच सप्टेंबरात ही कागोशिमातून निघाली, ती परत कधीच आली नाही. अख्ख्या आयुष्यात एकदाही नाही. एदोत पोचून लगेच लग्न झालं असंही नाही, तीन वर्षं लोंबकळत राहिलं सगळं. आधी परदेशी जहाजांची धावपळ, मग १८५५ च्या नोव्हेंबरात एदोचा तो प्रचंड भूकंप, त्यात शिबाची सात्सुमाची हवेली मोडकळीला आली म्हणून हिला शिबुयाच्या हवेलीत हलवलं. (हो, तेच शिबुया, जिथे आता ते प्रसिद्ध क्रॉसिंग आहे. तेव्हा गावाबाहेर होतं.) लग्नाचं सामान, पेट्या, रोगणाची भांडी, कपडे, या सगळ्याच्या खरेदीचं काम नारिआकिरानं एका धिप्पाड तरुणाकडे दिलं होतं, त्याचं नाव साइगो ताकामोरी. हे नाव लक्षात ठेवा.

१८५६ संपता संपता ती किल्ल्यात गेली. नवरा इएसादा, बत्तीस-तेहतीसचा, तब्येतीनं कायमचा अधू. डिसेंबर १८५७ मध्ये अमेरिकन वकील टाउनसेंड हॅरिस त्याला भेटला, त्यानं डायरीत लिहून ठेवलंय की शोगुननं आधी मान मागे झटकली, पाय आपटला, असं तीन-चारदा केलं आणि मग स्वच्छ, ठाम आवाजात बोलला. यावरून लोक त्याला वेडा ठरवून मोकळे होतात. मला तर उलटंच वाटतं, शरीर ऐकत नसताना परदेशी माणसासमोर नीट बोलला ना तो. त्याला स्वयंपाकाचा नाद होता, स्वतः रताळी उकडायचा, कास्तेला केक करायचा, दरबारी लोक मागे नावं ठेवायचे. आत्सुहिमेच्या डोक्यावर मात्र माहेरचं काम होतं. इएसादाला मूल होणार नाही हे एव्हाना सगळ्यांना दिसत होतं, तेव्हा वारस म्हणून तोकुगावांच्याच हितोत्सुबाशी घरातल्या योशिनोबूचं नाव पुढे सरकव, असं नारिआकिराचं सांगणं. सोबत इकुशिमा नावाची खमकी वयस्क बाई दिलेली. पण महालातल्या बायकांना योशिनोबूचा बाप, मितोचा नारिआकी, डोळ्यासमोर नको होता, आणि इएसादाची आई होन्जुइन तर अगदी विरोधात. नव्या सुनेचं काही चाललं नाही.

आता हा महाल म्हणजे ओओकु. किल्ल्याच्या मुख्य भागातला सगळ्यात आतला आणि सगळ्यात मोठा भाग, शेकडो बायका, पुरुष म्हणजे एकटा शोगुन. तो यायचा तेव्हा घंटा वाजवायची अशी एक लांब ओसरी, दाराला कुलूप. सिनेमावाल्यांनी याचं नुसतं मत्सर आणि विषप्रयोग करून टाकलंय. खरं तर ते एक ऑफिस होतं, हुद्दे, पगार, बढत्या, वरच्या हुद्द्यावरच्या ओतोशियोरी बायकांचा शब्द मंत्र्यांनाही झेलावा लागायचा. इथली गोष्ट बाहेर सांगायची नाही अशी शपथ आत जातानाच घ्यायची. पट्टराणीनं दिवसातून पाच वेळा कपडे बदलायचे, जेवण आधी दुसऱ्यांनी चाखून बघायचं, ते तिच्यापर्यंत येईतो गार व्हायचं.

आणि यातली माझी लाडकी गोष्ट म्हणजे मांजर. आत्सुहिमेला माहेरी कुत्र्यांचा लळा, छोटे चिन जातीचे कुत्रे, पण इएसादाला कुत्री चालत नव्हती, मग तिनं मांजर पाळलं. सातोहिमे. गळ्यात लाल रेशमी दोरी, चांदीचा घुंगरू. तिच्या दिमतीला तीन बायका. बाईसाहेबांच्या ताटातला मासा मांजरीला मिळायचा, पण ज्या दिवशी पितरांचं काही असेल, बाईसाहेब शाकाहारी, त्या दिवशी मांजरीची पंचाईत नको म्हणून वेगळे छोटे मासे आणि सुक्या बोनिटोचा कीस मागवायचे. खर्च वर्षाला सोन्याच्या नाण्यांत पंचवीस र्‍यो. त्याच शहरात अगदी खालच्या पायरीवरच्या सामुराई नोकराला वर्षाचे तीन र्‍यो आणि पोटापुरता तांदूळ मिळत होता. हे सगळं तिच्या सेवेत राहिलेल्या एका बाईनं म्हातारपणी सांगितलं म्हणून आपल्याला कळलं. मांजर सोळा वर्षं जगलं. शोगुनशाही बुडायची कारणं शोधणाऱ्यांनी ते पंचवीस र्‍यो पण हिशोबात धरावेत असं मला उगाच वाटतं.

१८५८ चा उन्हाळा. त्याच वर्षी देशात कॉलरा. ऑगस्टमध्ये इएसादा गेला, आणि दहा दिवसांत तिकडे कागोशिमात नारिआकिरा गेला. संसार दोन वर्षंही झाला नव्हता, बाई बावीस वर्षांची. केस कापले, तेनशोइन झाली. ज्या कामासाठी आली ते काम फसलेलं, कारण मुख्यमंत्री ई नाओसुकेनं किशूच्या घरातला बारा वर्षांचा इएमोची चौदावा शोगुन म्हणून आधीच नक्की केलेला, ज्या माणसानं पाठवलं तो मेलेला, नवरा गेलेला. नंतर सात्सुमानं तिला परत न्यायचा विषय काढला तर ती नाही म्हणाली. इथे सगळे लेखक गहिवरतात, पतीवरची निष्ठा वगैरे. मला वाटतं तिनं साधा हिशोब केला असणार. परत जाऊन काय, तर शाखेतल्या घराची एक विधवा मुलगी. इथे ती शोगुनची आई होती, नात्यानं का होईना, आणि अख्खा ओओकु तिच्या हाताखाली. तिला ते पद आवडत होतं असं म्हटलं तर काय बिघडतं? पुरुषांबद्दल आपण असं बिनधास्त म्हणतोच की.

मग आली सून. आणि सून कोण, तर सम्राटाची बहीण! शोगुनची पत घसरत चाललेली, १८६० मध्ये ई नाओसुकेचा किल्ल्याच्या साकुरादा दरवाज्याबाहेर बर्फात भर सकाळी खून झालेला, तेव्हा क्योतोच्या दरबाराशी सोयरीक करून पत सावरायची असा बेत ठरला. कोमेइ सम्राटाची सावत्र बहीण काझुनोमिया, जन्म १८४६, बाप जन्माआधीच वारलेला, आरिसुगावा घराण्याच्या राजपुत्र तारुहितोशी लग्न ठरलेलं. ते मोडलं. ती नको नको म्हणत होती, शेवटी भावाच्या शब्दाखातर तयार झाली, अट अशी की एदोत गेले तरी माझं राहणं-वागणं सगळं क्योतोच्या दरबारासारखंच. १८६१ मध्ये तिची वरात समुद्राकडचा नेहमीचा रस्ता सोडून डोंगरातल्या नाकासेन्दो वाटेनं निघाली, हजारो माणसं, मैलोनमैल लांब रांग. एदोच्या तोंडाशी इताबाशीला एक झाड होतं ज्याच्याखालून गेलं की लग्न मोडतं अशी समजूत, तर ते झाड चुकवायला वाट वळवली.

सासू पंचविशीतली, सून पंधरा-सोळाची. मानानं सून वरचढ, कारण सम्राटाची बहीण, आणि नात्यानं सासू वरचढ. पहिल्या भेटीत सासू उंच आसनावर गादीवर बसली आणि सुनेला खाली, गादीसुद्धा नाही. सुनेकडून सासूला आलेल्या भेटीवर नुसतं ‘तेनशोइनला’ लिहिलेलं, आदरार्थी काही नाही. सुनेला किल्ल्यात पट्टराणी म्हणायचं नाही, काझुनोमिया म्हणूनच हाक मारायची असं फर्मान. दोन्हीकडच्या दासींनी यात काय तेल ओतलं असेल याची कल्पना आपल्याला द्यायला नको, घराघरात बघितलंय. गंमत म्हणजे नवरा-बायकोचं छान जुळलं. दोघं एकाच वर्षी जन्मलेली, इएमोची स्वभावानं मवाळ, दुसरी बाई ठेवली नाही. गोडाचा मात्र भयंकर शौकीन, शंभर वर्षांनी झोजोजी देवळातली शोगुनांची थडगी हलवताना सांगाडे तपासले तर याचे जवळपास सगळे दात किडलेले निघाले.

तो १८६६ मध्ये ओसाकाच्या किल्ल्यात गेला, चोशू या बंडखोर संस्थानाविरुद्धच्या मोहिमेवर असताना. वीस वर्षांचा. बेरीबेरी. निघताना तिनं क्योतोची निशिजिन जर मागितली होती, ती त्याच्या मरणानंतर तिच्या हातात पडली. आदल्या वर्षी आई गेलेली, पुढच्या जानेवारीत भाऊ सम्राट कोमेइ गेला.

आणि आता बघा कसं फिरलं. इएमोचीनं जाताना सांगून ठेवलं होतं की मला काही झालं तर तायासु घरातला कामेनोसुके गादीवर बसवा. तेनशोइननं तेच धरून ठेवलं. कामेनोसुके होता तीन वर्षांचा! काझुनोमिया म्हणाली, असल्या दिवसांत एवढं लहान मूल काय कामाचं. (आणि ती बरोबर होती.) शेवटी योशिनोबूच शोगुन झाला. म्हणजे ज्या योशिनोबूला वारस करायला आत्सुहिमेला एदोत पाठवलं होतं तोच दहा वर्षांनी शोगुन झाला आणि तेव्हा ही त्याच्या विरोधात. तिचं त्याच्याबद्दल मत शेवटपर्यंत वाईटच राहिलं, आणि पुढे तो जे वागला ते बघता मी तिला दोष देत नाही.

कारण १८६७ च्या नोव्हेंबरात योशिनोबूनं सत्ता सम्राटाला परत केली, जानेवारी १८६८ मध्ये तोबा-फुशिमीला त्याचं सैन्य सात्सुमा-चोशूच्या सैन्यापुढे मागे हटायला लागलं तर हा स्वतःच्या माणसांना तिथेच सोडून रातोरात ओसाकाहून जहाजात बसून एदोला पळून आला. आणि मदत मागायला कुणाकडे गेला, तर ओओकुतल्या या दोन विधवांकडे. आता तो सम्राटाचा शत्रू ठरलेला, तोकुगावा घराणंच पुसून टाकायची भाषा सुरू. चालून येणाऱ्या फौजेचा सरसेनापती कोण? आरिसुगावाचा राजपुत्र तारुहितो, काझुनोमियाचा मोडलेला नवरदेव. आणि खरी सूत्रं कुणाकडे? साइगो ताकामोरीकडे, ज्यानं आत्सुहिमेच्या लग्नाच्या पेट्या विकत घेतल्या होत्या. एखाद्या कादंबरीत हे लिहिलं असतं तर मी ‘जरा अति होतंय’ म्हणून पुस्तक मिटलं असतं.

दोघींनी पत्रं लिहिली. काझुनोमियानं दासीला क्योतोला पाठवून दरबाराला, की घराणं बुडवणार असाल तर मीही त्याच्यासोबत. तेनशोइनचं पत्र सात्सुमाच्या फौजेच्या सेनापतीला, लांबलचक. त्याचा मथितार्थ असा की योशिनोबूचं तुम्ही काय करायचं ते करा, तो आहेच तसा, पण मी लग्न करून तोकुगावांची झालेय, माझी माती याच घरात व्हायची, माझ्या हयातीत हे घर मोडलं तर वर जाऊन नवऱ्याला काय तोंड दाखवू, तेव्हा घर वाचवा, माझा जीव वाचवण्यापेक्षा ते मोठं. यात कुठे रडगाणं आहे? योशिनोबूला तिनं बाजूला काढून ठेवला आणि घराण्याचं वेगळं बोलली, हा पक्का वाटाघाटीचा डाव आहे. एप्रिलमध्ये साइगो आणि शोगुनच्या बाजूनं बोलणी करणारा कात्सु काइशू भेटले, एदोवरचा हल्ला रद्द झाला, दहा लाखांचं शहर जळायचं वाचलं. त्या भेटीची चित्रं काढली गेली, स्मारकाचा दगड आहे. पत्रांमुळेच हल्ला टळला असं मी म्हणणार नाही, इंग्रजांचा दबाव होता, कात्सुचं डोकं होतं, साइगोलाही शहर धड हवं होतं. पण चित्रात कोपऱ्यात तरी दोन पत्रं काढायला काय हरकत होती.

किल्ला सोडायला मात्र ही तयार होईना. मला हात लावला तर जीव देईन म्हणून बसली. कात्सु म्हातारपणी सांगायचा की मी म्हटलं, ठीक आहे, तुम्ही जीव दिलात तर मलाही शेजारी पोट फाडावं लागणार, मग लोक म्हणणार दोघांचं काहीतरी होतं. कात्सुच्या गोष्टी थोड्या चिमटीत धरून वाचायच्या, त्याला स्वतःची फुशारकी फार, पण ही खोटी असली तरी झकास आहे. शेवटी तीनच दिवसांसाठी बाहेर चला असं सांगून तिला हितोत्सुबाशीच्या हवेलीत नेलं, म्हणून ती सामान न घेताच निघाली. तीन दिवस कसले, किल्ला कायमचा गेला.

घराणं वाचलं. आणि त्याचा प्रमुख कोण झाला? तोच कामेनोसुके, आता पाच वर्षांचा, नाव इएसातो. हट्ट शेवटी खरा झाला बाईचा! तोकुगावांना सुरुगाकडे सात लाख कोकूंची (कोकू म्हणजे तांदळाचं माप, उत्पन्न त्यात मोजायचे) जहागीर मिळाली, मग १८७१ मध्ये संस्थानंच संपली. तेनशोइन तोक्योत राहिली, पुढे सेंदागायाच्या घरात इएसातोला वाढवलं. सात्सुमानं पैशाची मदत देऊ केली ती घेतली नाही. पूर्वीच्या दासींची लग्नं, नोकऱ्या लावून देण्यात होतं नव्हतं ते घालवलं, गेली तेव्हा हाताशी तीन येन होते असं सांगतात. कात्सु तिला अधूनमधून शहर दाखवायला न्यायचा, लोक कसे राहतात ते बघून ती घरी स्वतः शिवायला लागली म्हणे.

सासू-सुनेचंही जुळलं. परत कात्सुचीच गोष्ट, दोघी त्याच्याकडे जेवायला, जेवायला बसल्या आणि दोघी गप्प, तणतण. काय झालं विचारलं तर दोघींनाही दुसरीला भात वाढायचा होता, आणि ही म्हणते मी वाढणार, ती म्हणते मी. कात्सुनं भाताची दोन पातेली मागवली, घ्या, एकमेकींना वाढा. परत जाताना एका गाडीतून गेल्या. काझुनोमिया १८७७ मध्ये हाकोनेला तोनोसावात वारली, तिलाही बेरीबेरीच, एकतीस वर्षांची, इएमोचीशेजारी पुरा असं सांगून. १८८० मध्ये तेनशोइन फिरायला म्हणून तिकडे गेली, सून जिथे गेली ते घर बघितलं आणि एक कविता केली, की तुझं आयुष्य थांबवू न शकलेल्या या हायाकावा नदीचं वाहणंही आता डाचतंय.

इएसातोला तिनं इंग्लंडला शिकायला पाठवायला आडकाठी केली नाही, १८८२ मध्ये तो परत आला तसं लगेच लग्न लावलं, मुलगी कोनोए घराण्यातली, म्हणजे हिच्याच दुसऱ्या दत्तक माहेरची. १८८३ च्या नोव्हेंबरात ती गेली, सत्तेचाळीस वर्षांची, उएनोला कानएइजीत इएसादाशेजारी पुरली. नातू पुढच्या वर्षी झाला. आणि त्या न जन्मलेल्या नातवाचंही बाईनं ठरवून ठेवलं होतं म्हणतात, मुलगा झाला तर त्याला बायको शिमाझूंकडची करायची. केलीही.